वडगावच्या जनरलची सिगारेट

(दृश्य: पेठ वडगाव. सेनापती धनाजी जाधवांची समाधी. मागं बाजाराचा गलबला.)

संताजी-धनाजी पाण्यात दिसतात म्हणून मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावत नव्हती, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्या धनाजींची समाधी कोल्हापूरजवळच्या या वडगावात आहे. आणि याच वडगावात १९०६ साली शंकरराव पांडुरंग पाटील थोरात जन्मले. सैन्यात त्यांना सगळे एस. पी. पी. थोरात म्हणत. इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले.

(दृश्य: ब्रह्मदेशाचा नकाशा. अराकान किनाऱ्यावर कॅमेरा थांबतो.)

जानेवारी १९४५. दुसरं महायुद्ध. अराकान किनारा. इथं पाय ठेवायला धड जमीन नाही. खारफुटी, चिखल आणि भरतीबरोबर फुगणाऱ्या खाड्या. जपानी फौज माघारी निघालेली. तिच्या परतीच्या वाटेवर कांगॉ नावाचं गाव. ते घेतलं की वाट तुटली. जपान्यांनाही हे कळत होतं, म्हणून तिथल्या प्रत्येक टेकडीसाठी ते जिवावर उदार होऊन झुंजले.

ब्रिटिश-भारतीय सैन्यानं आपली माणसं खाड्यांतून होड्यांनी उतरवली. रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘नर्बदा’ आणि ‘जमुना’ या युद्धनौकांनी तोफा डागल्या. ५१व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते, त्या काळात ही नवलाईच होती. थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले थोरात.

२९ जानेवारीला थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीनं ‘मेलरोज’ नावाची टेकडी जिंकली. समोरासमोर, संगिनी लावून. तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

आपल्याकडं लढाईची गोष्ट म्हटली की पोवाड्याचा सूर लागतोच. कांगॉ त्या सुरात चपखल बसतं. कोरियाची गोष्ट बसत नाही, आणि मला तीच जास्त आवडते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. काटेरी तारा, तंबू, थंडी.)

जुलै १९५३. कोरियाचं युद्ध थांबलं. पण २२ हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी म्हणाले, आम्ही मायदेशी परत जाणार नाही. त्यांचं करायचं काय? ते ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारतावर आलं. या कैद्यांचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. सुमारे सहा हजार भारतीय सैनिकांचे प्रमुख मेजर जनरल थोरात. कांगॉची जोडी पुन्हा एकत्र!

दक्षिण कोरियानं मात्र बजावलं, भारतीय सैनिकाचा पाय आमच्या मातीला लागता कामा नये. मग काय, जहाजावरून थेट हेलिकॉप्टरनं आपली पलटण दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेली. तिथल्या छावणीचं नाव पडलं ‘हिंदनगर’.

कैद्यांचा भारतीयांवर काडीचा विश्वास नव्हता. हे आपल्याला कम्युनिस्टांच्या हवाली करणार, अशी भीती त्यांच्या मनात घट्ट बसलेली. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांच्या एका कुंपणात हलकल्लोळ माजला आणि कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवलं.

आत गोळीबार केला असता, तर सगळ्यात आधी ग्रेवालच गेले असते.

(दृश्य: तारेचं फाटक. काही क्षण फक्त वारा.)

थोरात मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन आत गेले. हातात शस्त्र नाही. भोवती शेकडो संतापलेले कैदी, घोषणा, धक्काबुक्की. थोरातांनी पुढं सांगितल्याप्रमाणे, त्यांनी जमावाला साधासा टोमणा मारला. चिनी माणूस पाहुणचाराला पक्का असं मी ऐकलं होतं, पण इथं आल्यापासून मला कुणी चहा विचारला नाही की सिगारेट दिली नाही!

दारात आलेल्याला चहा न विचारणं कोल्हापुरातही कुणाला खपत नाही. ते वाक्य वडगावच्या माणसाच्या तोंडी आलं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

एकानं सिगारेट पुढं केली. थोरातांनी ती घेतली. आवाज उतरले, बोलणं सुरू झालं. आणि ग्रेवाल सुखरूप बाहेर आले.

(दृश्य: कोल्हापूर. रंकाळ्याची संध्याकाळ.)

१९६१ साली लेफ्टनंट जनरल थोरात निवृत्त होऊन कोल्हापुरात आले. १९९२ साली ते गेले. कोरियातल्या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं होतं. त्या पदकाला आता कीर्तिचक्र म्हणतात. शत्रूशी लढाई चालू नसताना गाजवलेल्या शौर्यासाठी ते देतात.