वसंतदादांची तुरुंगातली उडी सगळ्यांना ठाऊक आहे. ८३ सालच्या सहीचं काय?

नमस्कार मंडळी. मी उभा आहे सांगलीत, राजवाड्याजवळ. माझ्या पाठीमागे गणेशदुर्ग. या किल्ल्यातल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी काही कैदी तटावर चढले आणि त्यांनी खाली खंदकात उड्या टाकल्या. जुलै महिना आहे, आपल्याकडचा पावसाळा आहे, कृष्णेला पाणी आहे आणि मागून पोलिसांच्या बंदुका चालू आहेत. या कैद्यांचा म्होरक्या पंचविशीतला एक तरुण होता, पद्माळे गावचा वसंत पाटील, म्हणजेच पुढं मुख्यमंत्री झालेले वसंतदादा. खांद्यात गोळी लागली आणि तो पकडला गेला.

सांगलीत वाढलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. पण त्यातली दोन नावं पटकन आठवत नाहीत, म्हणून ती मी आधी घेतो. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव. हे दोघे त्या दिवशी हुतात्मा झाले. दादांना पुढं पंचेचाळीस वर्षांहून जास्त आयुष्य मिळालं, या दोघांना ती संध्याकाळही मिळाली नाही.

आज मात्र मला बोलायचंय ते दादांच्या एका सहीबद्दल, खाजगी इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी देणाऱ्या सहीबद्दल. ती झाली १९८३ साली, आणि माझं स्वतःचं आयुष्य त्या सहीला बांधलेलं आहे.

त्याआधी माणूस कसा घडला ते बघू. जन्म १३ नोव्हेंबर १९१७. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि आईवडील दोघंही गेले. आजीनं वाढवलं. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतंच. हे लक्षात ठेवा, कारण महाराष्ट्रात इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांचं दार ज्यानं उघडलं, त्यानं स्वतः कॉलेजची पायरी कधी चढलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर दादा १९५२ साली सांगलीचे आमदार झाले. पण त्यांचा जीव विधानसभेपेक्षा उसात जास्त होता. तेव्हा आपल्याकडचा शेतकरी काय करायचा? गुऱ्हाळ लावायचा, गूळ पेठेत न्यायचा आणि व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन घरी यायचा. सहकारी कारखान्यानं काय बदललं? ज्याचा ऊस, तोच मालक. शेअर घ्यायचा, सभासद व्हायचं, काट्यावर वजन करून घ्यायचं आणि बिल आपल्या नावावर. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना दादांनी असा गावोगाव फिरून, लोकांकडून शेअर गोळा करून उभा केला. आपल्या भागात उसाच्या बिलावर पोरींची लग्नं झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडले. पुढं तोच कारखाना कर्जात रुतला आणि भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. आम्हा सांगलीकरांना ते अजून सलतं, आणि ते सांगितल्याशिवाय दादांचं कौतुक करणं मला पटत नाही.

राजकारणातले चढउतार तुम्हाला माहीत आहेत. ७२ला पाटबंधारे मंत्री, मग शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून बाहेर, ७७ला थेट मुख्यमंत्री, ७८च्या जुलैत शरद पवार बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. पवारांनी दादांच्या पाठीत खंजीर खुपसला, ही चर्चा आजही दर निवडणुकीत निघते. त्यावर शेकडो व्हिडिओ आहेत, मी वेळ घालवत नाही.

२ फेब्रुवारी १९८३. दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. आता त्या वेळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. सांगलीत इंजिनीअरिंग म्हटलं की वालचंद. १९४७पासूनचं कॉलेज, नाव मोठं, जागा मूठभर. बारावीला चांगले मार्क मिळूनही प्रवेश नाही अशी पोरं घरोघर. ज्याच्या बापाकडं पैसा होता, तो पोराला कर्नाटकात पाठवायचा. मणिपाल, बेळगाव, दावणगेरे. तिथं देणगी भरायची आणि शिकायचं. ज्याच्याकडं पैसा नव्हता, त्याचं पोर बीएस्सी करून नोकरीसाठी अर्ज लिहीत बसायचं. नवी सरकारी कॉलेजं काढायची तर तिजोरीत तेवढा पैसा नाही.

दादांनी निर्णय घेतला: खाजगी संस्थांना विनाअनुदानित इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजं काढू द्यायची. सरकार अनुदान देणार नाही, संस्थेनं फीमधून खर्च भागवायचा. शिक्षणाचा बाजार होईल, असं विरोधक म्हणाले. दादांनी माघार घेतली नाही. मला त्यात सहकारातला माणूस दिसतो. सरकारकडं पैसा नसेल तर गावानं उभा करावा, हे त्यांनी कारखान्यात करून पाहिलं होतं.

पण कारखाना आणि कॉलेज यांत एक फरक होता आणि तो तेव्हा कुणी नीट पाहिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कारखान्यात ऊस घालणारा सभासद असतो. त्याला मत असतं, तो वार्षिक सभेत उठून चेअरमनला जाब विचारू शकतो. कॉलेजात फी भरणारा बाप कुणाचाच सभासद नसतो. तो फक्त खिडकीसमोर रांगेत उभा असतो.

देणगी घेण्यावर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्रात आला १९८७ साली. कॉलेजं ८३ला, कायदा ८७ला. मधली चार वर्षं किती घरांनी काय काय विकलं असेल? दार उघडलं हे बरोबरच केलं. कायदा त्याच दिवशी, त्याच कागदासोबत यायला हवा होता.

आता माझं सांगतो. बारावी झालो १९९८ला. फ्री सीट, म्हणजे कमी फीची जागा, थोडक्यात हुकली; पेमेंट सीट, म्हणजे जास्त फीची जागा, मिळाली. आमची दोन एकर जमीन, त्यातला दीड एकर ऊस. पहिल्या वर्षाची फी उसाच्या बिलातून गेली. दुसऱ्या वर्षी तोड लांबली, बिल उशिरा आलं. परीक्षेच्या आधी नोटीस बोर्डावर फी थकवलेल्यांची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. सगळा वर्ग ती यादी वाचत होता. घरी मी काही बोललो नाही, पण आईला कळलं. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या परत आल्या मला नोकरी लागल्यावर, तिसऱ्या पगारात.

त्या कॉलेजावर माझा राग आहे, आणि ते कॉलेज नसतं तर मी इंजिनीअर झालो नसतो. दोन्ही खरं आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला इंजिनीअर. माझ्या पाठची बहीण दुसरी, आणि ती रोज एसटीनं बुधगावला जायची. बुधगावचं कॉलेज ८३चंच, दादांच्याच नावाचं. मुलीला बेळगावला ठेवून शिकवायला आमचे वडील कधीच तयार झाले नसते. वीस मिनिटांच्या एसटीला ते तयार झाले. माझ्या मते दादांच्या निर्णयाचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या भागातल्या मुलींना झाला, आणि याच्यावर फार कमी बोललं जातं.

दादा १ मार्च १९८९ला गेले. इथून थोडं पुढं, कृष्णेच्या काठाला त्यांची समाधी आहे.

तुमच्या घरात किंवा भावकीत ८३ ते ८७ या काळात विनाअनुदानित कॉलेजात शिकलेलं कुणी असेल, तर त्यांना आज एवढंच विचारा: पैसे कुठून आणले होते? जमीन, जनावरं, दागिने, सोसायटीचं कर्ज, काय होतं ते. खाली लिहा. जुन्या पावत्या असतील तर जपून ठेवा, मी बघायला घरी येईन. पुढचा भाग आपण पद्माळ्यातून करू.