तीन सामने, सोळा गोल : अँड्र्यू वॉटसन

१२ मार्च १८८१. आज क्रिकेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे फुटबॉल संघ समोरासमोर उभे आहेत. गोलखांबांमागे जाळी नाही आणि पेनल्टी किकही अजून नियमांत नाही. तिला १८९१ साल उजाडावे लागणार आहे. स्कॉटलंडचा कर्णधार चोवीस वर्षांचा बचावपटू असून हा त्याचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना आहे. त्याचे नाव अँड्र्यू वॉटसन. आज त्याची ओळख जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू अशी करून दिली जाते.

वॉटसनचा जन्म २४ मे १८५६ रोजी दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयाना या वसाहतीत, डेमेरारा येथे झाला. वडील पीटर मिलर वॉटसन हे साखरेच्या धंद्यातले धनाढ्य स्कॉटिश गृहस्थ, तर आई हॅना रोझ तिथलीच. त्या वसाहतीतले उसाचे मळे आधी गुलामांच्या आणि १८३८ पासून हिंदुस्थानातून नेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांच्या घामावर चालत. मुलाला विलायतेत उत्तम शिक्षण मिळाले ते याच साखरेच्या पैशातून, हे त्याच्या कौतुकाच्या भरात विसरून चालणार नाही. हॅलिफॅक्स आणि लंडन येथील शाळांनंतर, वडिलांच्या मृत्यूनंतर वाट्याला आलेल्या संपत्तीच्या बळावर, त्याने १८७५ मध्ये ग्लासगो विद्यापीठात गणित आणि अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. शिक्षण वर्षभरातच सुटले. फुटबॉल मात्र सुटला नाही.

ग्लासगो ही त्यासाठी योग्य जागा होती. इंग्लंडचे खेळाडू तेव्हा चेंडू पायाशी ठेवून एकट्याने मुसंडी मारण्यात धन्यता मानत, तर ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने सहकाऱ्याकडे चेंडू सोपवत पुढे सरकण्याची रीत रुजवली होती. वॉटसन आधी पार्कग्रोव्ह क्लबकडून खेळला, तिथे सामने ठरवणाऱ्या चिटणिसाचे कामही त्याने सांभाळले आणि १८८० मध्ये तो क्वीन्स पार्कमध्ये दाखल झाला. संघरचना तेव्हा दोन बचावपटू, दोन मधले आणि तब्बल सहा आघाडीवीर अशी असे. आघाडीच्या सहा जणांनी चेंडू गमावला की मागचे दोघे जवळजवळ उघड्यावर पडत, त्यातच खांद्याने धडक देणे नियमात बसत असे. अशा जागी उभ्या राहणाऱ्या वॉटसनचा वेग, त्याचे अचूक टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावणे) आणि त्याची दमदार किक यांची वाखाणणी स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या वार्षिकातही झाली.

ओव्हलवरचा तो सामना स्कॉटलंडने ६-१ असा जिंकला आणि मायदेशातला इंग्लंडचा सर्वांत मोठा पराभव म्हणून तो आजही नोंदला जातो. दोनच दिवसांनी रेक्सहॅम येथे वेल्सला ५-१ आणि पुढच्या मार्चमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर पुन्हा इंग्लंडला ५-१ असे हरवण्यात आले. तीन सामने, तीन विजय, सोळा गोल केले आणि अवघे तीन स्वीकारले.

मग चौथा सामना का नाही? वंशद्वेषाचे उत्तर चटकन सुचते, पण कारण साधे होते. १८८२ मध्ये वॉटसन लंडनला राहायला गेला आणि त्या काळी स्कॉटलंडच्या संघात स्कॉटलंडबाहेर राहणाऱ्यांची निवड होत नसे. लंडनमध्ये तो स्विफ्ट्स आणि नामांकित हौशी खेळाडूंच्या कॉरिंथियन संघाकडून खेळला. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेच्या तेव्हाच्या विजेत्यांना ८-१ असे लोळवणाऱ्या कॉरिंथियन संघातही तो होता. क्वीन्स पार्ककडून स्कॉटिश कप त्याने तीन वेळा जिंकला, त्यातला शेवटचा १८८६ मध्ये, पुन्हा त्या क्लबकडे परतल्यावर. पुढे त्याने जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी केली आणि १९२१ मध्ये लंडनच्या क्यू भागात न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

त्यानंतर त्याचे नाव इतके मागे पडले की ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू हा मान अनेक वर्षे आर्थर व्हॉर्टन या गोलरक्षकाला दिला जाई. व्हॉर्टन पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक खेळाडू मानला जातो खरा. पण तो नावारूपाला आला तोवर वॉटसनचे तिन्ही आंतरराष्ट्रीय सामने खेळून झाले होते. इंग्लंडच्या वरिष्ठ संघात व्हिव्ह अँडरसन हा कृष्णवर्णीय खेळाडू आला १९७८ मध्ये, आणि खुद्द स्कॉटलंडला वॉटसननंतरच्या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी, नायजेल क्वाशीसाठी, २००४ पर्यंत थांबावे लागले.