गुहेतले ३१ दिवस

(पडदा काळा. फक्त वारा.)

१९६८ चा नोव्हेंबर. अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडचा पॅटागोनिया प्रदेश. तिथल्या फिट्झ रॉय शिखराखाली, बर्फात कोरलेली एक गुहा. आत अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्ड उताणा पडलाय. स्टोव्हवर वितळवायला बर्फ फोडताना आईस-अ‍ॅक्स स्वतःच्याच गुडघ्यात घुसली. आता दोन आठवडे उठायचं नाव नाही. तोंडावर, अगदी हाताशी, बर्फाचं छत. तेही ठिबकतंय. याच मुक्कामात त्याला तीस वर्षं पूर्ण झाली.

(कॅलिफोर्निया ते पॅटागोनिया, नकाशावर सरकणारी रेघ.)

कॅलिफोर्नियातून एका व्हॅनमध्ये सामान कोंबून हे दोस्त निघाले होते. वाटेत लाटा दिसल्या की सर्फिंग, बर्फ दिसला की स्कीइंग. डग टॉम्पकिन्स होता, ‘द नॉर्थ फेस’ हा गिर्यारोहणाच्या सामानाचा ब्रँड सुरू करणारा. लिटो तेहादा-फ्लोरेसकडे १६ मि.मी.चा कॅमेरा होता. फिट्झ रॉयची उंची ३,४०५ मीटर, म्हणजे हिमालयवाल्यांना हसू यावं इतकीच. पण तिथलं वादळ उंची बघत नाही. एकूण ३१ दिवस गुहेत गेले. माथा मिळाला २० डिसेंबरला.

त्या प्रवासाची फिल्म झाली, ‘माउंटन ऑफ स्टॉर्म्स’. आणि ‘पॅटागोनिया’ नावाचा कपड्यांचा ब्रँड? तो शुइनार्डनंच आणला, पण १९७३ मध्ये. लेबलवर आजही त्याच डोंगररांगेची कड आहे.

क्रम लक्षात घ्या. कॅमेरा फिरत होता, तेव्हा विकायला जॅकेटच नव्हतं. आज हेच काम एखाद्या जाहिरात एजन्सीकडे गेलं, तर गुहेला मिळतील चार सेकंद आणि शिखराभोवती ड्रोन घिरट्या घालत बसेल.

(ग्रॅनाइटच्या भेगेत ठोकलेला पिटॉन. हातोड्याचा आवाज.)

कपड्यांच्या आधी शुइनार्ड लोखंड विकायचा. पिटॉन, म्हणजे कातळाच्या भेगेत ठोकायचे खिळे. धंदा त्यावरच उभा होता. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत, एल कॅपिटनच्या कड्यावर चढताना त्याला दिसलं, की ठोकून-उपसून भेगांची पार वाट लागली आहे. आणि खिळे याच्याच कारखान्यातले. १९७२ च्या कॅटलॉगात त्यानं गिर्यारोहक डग रॉबिन्सनचा १४ पानी लेख छापला : खिळे ठोकू नका, हातानं बसणारे, हातानं निघणारे चोक, म्हणजे भेगेत अडकवायच्या पाचरी वापरा. अर्थात चोकही तोच विकत होता. तरी आपल्या हुकमी मालाविरुद्ध आपल्याच कॅटलॉगात १४ पानं खर्चायला छाती लागते.

२०११ च्या नोव्हेंबरातली ‘पॅटागोनिया’ची ती गाजलेली जाहिरात मला मात्र इतकी सरळ वाटत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जॅकेटचा फोटो, वर मथळा : हे जॅकेट विकत घेऊ नका. तेही ब्लॅक फ्रायडेला, अमेरिकेत खरेदीची जत्रा भरते त्या दिवशी. पुढे कंपनीची विक्री वाढलीच. पण खालचा बारीक मजकूर वाचा. एका जॅकेटला १३५ लिटर पाणी लागतं, आणि त्याच्या वजनाच्या दोन तृतीयांश कचरा मागे उरतो. आपल्या मालाचं हे उणं आपणच पैसे मोजून छापायचं, हे मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

(राजमाचीची वाट. पाऊस.)

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी या वाटेवर आम्ही ट्रेकिंगच्या बुटांची जाहिरात शूट करत होतो. ब्रँडचं नाव राहू द्या. मॉडेलच्या कपाळावर स्प्रेच्या बाटलीनं घाम मारला. मुसळधार पावसात! नवे कोरे बूट घालून तो शेवाळलेल्या खडकावर दोनदा आपटला. ट्रायपॉड डोक्यावर घेतलेले गावातले काका त्याच खडकावरून तीनदा वर-खाली झाले. पायात बाजारातले प्लास्टिकचे बूट. त्यांनी मॉडेलला हात दिला आणि म्हणाले, “दादा, टाच नको टेकवू. बोटांवर चाल.”

कॅमेरा चालूच राहिला होता. एडिटला क्लायंटनं तो शॉट बघितला, म्हणाला, “हा उडवा.” जाहिरातीतून उडवला. हार्डडिस्कवर ठेवला.

काकांना विचारून आलोय. आज तो पूर्ण दाखवतो, एक मिनिट दहा सेकंद. संगीत घातलेलं नाही.

(शॉट सुरू. निवेदन थांबतं.)