कळंब्यात जागा नाही, मग?

नमस्कार श्रोतेहो.

कळंबा जेल म्हटलं की कोल्हापुरात अनेकांना आधी आठवतात ते तिथल्या बंद्यांच्या हातचे अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू. आतल्या गर्दीची आठवण होते ती घरातलं कुणी आत गेल्यावरच. बराकीत माणूस मावेनासा झाला, तर सरकार काय करू शकतं? आज त्याबद्दल बोलू.

१८९४ सालच्या कारागृह कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की, कैदी प्रमाणाबाहेर वाढले आणि त्यांना दुसरीकडं हलवणं सोयीचं नसेल, किंवा आत साथ पसरली, तर जादा कैद्यांना तात्पुरत्या तुरुंगात ठेवण्याची व्यवस्था करावी. म्हणजे गर्दीचा विचार इंग्रजानंही करून ठेवला होता. कोरोनात आपल्या राज्यात शाळा आणि वसतिगृहांचे तुरुंग झाले, ते आपण पाहिलंच.

पण त्या वर्षी मोठं काम केलं ते दुसऱ्याच अधिकारानं. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं कुणाला तात्पुरतं सोडता येईल हे ठरवायला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला लावली. ८ मे रोजी महाराष्ट्र सरकारनं फर्लो आणि पॅरोलचे, म्हणजे कैद्यांच्या रजेचे, १९५९ चे नियम दुरुस्त करून आकस्मिक पॅरोल आणला. शिक्षा सात वर्षांची किंवा त्याहून कमी असेल तर ४५ दिवस घरी, आणि साथरोग कायद्याची अधिसूचना असेपर्यंत पुढं ३०-३० दिवसांची वाढ. शिक्षा त्याहून मोठी असेल तर एकच बघायचं, मागच्या दोन्ही वेळा गडी रजेवरून वेळेत परत आला होता का. संघटित गुन्हेगारीचा मोक्का, दहशतवादाविरुद्धचा यूएपीए आणि मोठे आर्थिक घोटाळे यांतल्या कैद्यांना ही सवलत नव्हती. मे २०२२ मध्ये सरकारनं सगळ्यांना परत बोलावलं. जे आले नाहीत, त्यांना शोधायचं काम पोलिसांच्या गळ्यात पडलं.

नियम शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे. पण तो जागा झाला साथीमुळं, गर्दीमुळं नव्हे. साथ गेली, अधिकार निजला, बराकी पुन्हा भरल्या.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं १९८१ मध्ये गर्दीलाच आणीबाणी मानणारा कायदा केला होता. तुरुंग सलग ३० दिवस क्षमतेच्या वर राहिले की गव्हर्नरनं आणीबाणी जाहीर करायची आणि कैद्यांच्या किमान शिक्षेतून ९० दिवस वजा करायचे. काही वर्षं चाललं. मग लवकर सुटलेल्यांच्या गुन्ह्यांवरून ओरड झाली आणि कायदा गुंडाळला गेला. ती ओरड आपल्याकडंही होईल, आणि ती अगदीच बिनबुडाची म्हणता येणार नाही.

आपली अडचण मात्र निराळी आहे. शिक्षा कमी करायला आधी शिक्षा झालेली असावी लागते! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ४ लाख ३६ हजारांची जागा आणि ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातले १०० पैकी जवळपास ७६ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. त्यांना मंत्रालयातून पॅरोल देता येत नाही, त्यांची वाट कोर्टातूनच जाते.

ती वाट आहे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामीन. पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याचं वर्षभरात काम व्हायला हवं. घरात शिरून केलेल्या चोरीला सात वर्षं, तिथं दोन वर्षं चार महिने. फाशी किंवा जन्मठेपेचं कलम असेल किंवा अनेक खटले चालू असतील, तर हा लाभ नाही. मुदत भरली की अर्ज कारागृह अधीक्षकानं करायचा असतो, आणि जुन्या खटल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

एवढं होऊनही माणूस अडकतो तो जामीनदारापाशी. शिरोलीच्या फौंड्रीत बिहारहून आलेला पोरगा घ्या, किंवा गळीत हंगामात बीडहून आलेला ऊसतोड मजूर. कोर्ट म्हणतं, ऐपतदार जामीन द्या. त्याला इथं सातबारा कोण देणार? मुकादम तर आधीच फोन बंद करून बसलेला. हातात जामिनाचा हुकूम आणि मुक्काम बराकीतच.

यावरही उपाय आहेत. जामिनाच्या हुकुमानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्राच्या २०२३ च्या योजनेतून जामिनाची रक्कम मिळू शकते. आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच बसतं, त्यामुळं त्या पायरीसाठीही मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल, तर पुढच्या मुलाखतीला जाताना वही-पेन न्या. अटकेची तारीख, कलमं, कोर्ट आणि खटल्याचा नंबर लिहून घ्या. तो कागद घेऊन कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. कोठडीतल्या माणसाला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.