शेवटची गोळी कधी घेतली?

नमस्कार, श्रोतेहो.

"डॉक्टर, स्टेंट बसवलाय ना? मग परत अ‍ॅटॅक कसा आला?" ऑपरेशन थिएटरच्या दारात, बहुतेकदा अपरात्री, हा प्रश्न मला ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या हातात जुनी फाइल असते.

स्टेंट म्हणजे तीनेक मिलिमीटर रुंदीची धातूची जाळीदार नळी. 1986 साली ती माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बसवली गेली आणि पुढे तिने असंख्य जीव वाचवले. पण रक्ताला ती परकीच. शरीराचं नाजूक अस्तर तिच्यावर चढेपर्यंत गुठळीची धास्ती असते, आणि औषधाचा लेप असलेल्या स्टेंटवर ते सावकाश चढतं. कधी काही वर्षांनी स्टेंटच्या आतच नव्याने चरबी साचते, फुटते, आणि रक्ताची वाट बंद होते.

बहुतेकांची वाट कॅथलॅबमध्येच, म्हणजे छाती न उघडता धमनीतून बारीक तार घालून उपचार करतात त्या खोलीत, मोकळी होते. तार पुढे सरकेना, की आम्हा हृदयाच्या सर्जनना बोलावणं येतं.

छाती उघडून हृदयावर बोट फिरवलं की मऊ धमनीत स्टेंट कडक लागतो. त्यावर टाका घालता येत नाही. बायपासची नळी जोडायला त्याच्या पुढे चांगली जागा हवी. एकापुढे एक तीन-चार स्टेंट असले तर ती उरतच नाही. मग धमनी उभी चिरून आतला थर स्टेंटसकट सोलून काढावा लागतो. फार जिकिरीचं काम आहे हे.

त्यात रक्तस्राव. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिलेली क्लोपिडोग्रेलची गोळी ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी साधारण 5 दिवस थांबवतात. इथे 5 तासही नसतात. सुईच्या प्रत्येक भोकातून रक्त झिरपत राहतं, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींच्या पिशव्या लावाव्या लागतात.

म्हणून गोळ्याच नकोत, असं कृपा करून समजू नका. एका आजोबांनी दात काढायचा म्हणून गुठळी रोखणाऱ्या आपल्या दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. स्टेंट बसून जेमतेम चार महिने झाले होते. आठवड्याभरात ते माझ्या टेबलावर होते. हृदयाच्या डॉक्टरांना नुसतं विचारलं असतं, तरी ती रात्र टळली असती, असं मला आजही वाटतं.

त्या फाइलमधलं स्टेंटचं कार्ड मी सगळ्यात आधी मागतो. किती स्टेंट, कोणत्या धमनीत, केवढ्या लांबीचे. आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे घरातल्या कुणालातरी ठाऊक असलं, तर रक्ताच्या किती पिशव्या मागवायच्या ते मला दारातच ठरवता येतं.