विदर्भाच्या रक्ताचे आकडे

[दृश्य: चंद्रपूर जिल्हा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसलेले पेशंट.]

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. अंगातलं पाणी कमी होतं आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या पेशंटचे हातपाय ठणकायला लागतात. पावसाळ्यात तापाची साथ आली की तेच. हिवाळ्यात रात्रीच्या लाइनीवर गव्हाचं ओलित करायला गेलं की पुन्हा तेच. हा आजार गोंड, माडिया, परधान समाजांत आहे, तसा इतर अनेक समाजांतही आहे. तो कुण्या एका जातीचा नाही. त्याच्या नावानं घराण्याला बोल लावणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

दुखणं हाडात जाणवतं, पण त्याची सुरुवात होते सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांत. तांबडी पेशी असते सात-आठ मायक्रोमीटरची, आणि केशवाहिनी काही ठिकाणी तिच्याहूनही अरुंद. निरोगी पेशी अंग चोरून पुढे सरकते. सिकलसेलमध्ये ११व्या गुणसूत्रावरचं एकच अक्षर बदललेलं असतं. आई आणि वडील दोघांकडूनही तोच बदल आला, तर ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि अडकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. फुटताना बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन वाहिनीला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड संपवतं. वाहिनीचं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी त्याला धरून बसतात आणि वाट आणखी बुजते. म्हणून हा नुसता रक्त कमी असण्याचा आजार नाही. तो दाहाचाही, म्हणजे शरीराच्या आतल्या सुजेचाही, आजार आहे.

[दृश्य: प्रयोगशाळा. रक्ताची नळी, छापील रिपोर्ट.]

दाह मोजायची ओळखीची तपासणी म्हणजे सीआरपी, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. कोरोनात हा शब्द गावोगाव पोहोचला. टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. इंटरल्युकिन-६ या दाहाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा निरोप मिळाला की यकृत सीआरपी सोडतं. सिकलसेलच्या अनेक पेशंटमध्ये दुखणं नसतानाही ते वाढलेलं असतं.

पण काही माणसांचा सीआरपी जनुकामुळेच जन्मभर थोडा जास्त असतो, आणि मोठ्या जनुकीय अभ्यासांत दिसलं, की तेवढ्यानं त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. इंटरल्युकिन-६ चा निरोप झेलणाऱ्या जनुकात ठरावीक बदल असेल, तर मात्र सीआरपीही कमी असतो आणि हृदयविकाराचा धोकाही. मूळ त्या निरोपात आहे; सीआरपी त्याची खूण.

पांढऱ्या पेशींचा आकडाही असाच जनुकामुळे बदलतो. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांत डफी जनुकाचं एक रूप असतं, जे व्हायव्हॅक्स मलेरियापासून वाचवतं. त्यामुळे त्यांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धडधाकट असतानाही कमी भरतात. युरोपीय रक्तावरून ठरवलेली मर्यादा लावली, तर निरोगी माणूस आजारी ठरतो. भारतात हे रूप विरळ आहे. तेव्हा आफ्रिकेतला आकडा इथे चालत नाही, आणि युरोपातलाही डोळे मिटून चालू नये.

[दृश्य: आशाताई घरोघरी, अंगणात खेळणारी मुलं.]

विदर्भातला सिकलसेल अरब-भारतीय प्रकारचा. सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही हाच आढळतो. या पेशंटमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, पुढेही बरंच टिकतं, आणि ते दांडे बनू देत नाही. त्यावरून इथला आजार सौम्य, असं कितीतरी वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवलं, तेव्हा अनेकांना तीव्र दुखणं, रक्त चढवणं, दवाखान्यात भरती हे सगळं भोगावं लागलेलं दिसलं. ‘सौम्य’ म्हणून कुणाचे उपचार लांबवणं मला अन्याय वाटतो.

हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी एचबीएफ वाढवते आणि पांढऱ्या पेशी कमी करते. म्हणजे अडकणाऱ्या पेशी आणि दाह, दोन्हींवर चालते. तिचा डोस मात्र रक्ततपासणी पाहून ठरतो. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या देशाच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरवलं गेलं. पण आजार सापडल्यावर गोळी खंड न पडता मिळाली पाहिजे, आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला जावं लागू नये. ती तपासणी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच व्हावी आणि तिचा आकडा इथल्याच पेशंटच्या आकड्यांशी ताडून पाहिला जावा.