पाऊस पडतोय, म्हणे: केचुआ आणि नेपाळी

(दृश्य: कुस्को शहराची कौलारू छपरं, वर उतरलेले ढग)

पेरूमधलं कुस्को, उंची सुमारे ३,४०० मीटर. इथे केचुआ भाषेत 'पाऊस पडतोय' एवढं सांगतानाही बोलणारा सहसा आणखी एक गोष्ट सांगून जातो: हे आपल्याला कसं कळलं. स्वतः पाहिलं असेल तर तो म्हणेल, 'पाराशानमी'. कुणाकडून ऐकलं असेल, तर 'पाराशानसी'. नुसता अंदाज असेल, तर 'पाराशानचा'. पाऊस तोच, पण शेवटच्या 'मी', 'सी', 'चा'मुळे ऐकणाऱ्याला बातमीचा उगम कळतो.

(दृश्य: काठमांडूच्या गल्लीतलं ओलं अंगण)

आता नेपाळला येऊ. 'पानी पर्‍यो' म्हणजे पाऊस पडला. पण सकाळी दार उघडलं आणि अंगण ओलं दिसलं, तर नेपाळी माणूस म्हणतो, 'पानी परेछ'. पडताना पाहिला नाही, पडून गेल्याचं आत्ता लक्षात आलं. आणि शेजाऱ्याने सांगितलेलं पुढे सांगायचं असेल तर वाक्याच्या शेवटी येतो 'रे': 'पानी पर्‍यो रे'. हा 'रे' कुणाला हाक मारत नाही. आपण मराठीत 'पाऊस पडला म्हणे' म्हणतो, त्यातल्या 'म्हणे'चं काम तो करतो.

दोन्हीकडे उंच डोंगर, दोन्हीकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी, आणि दोन्हीकडे ऐकीव गोष्टीवर तशी खूण. मग या भाषांचं काही जुनं नातं असेल का?

नाही. नेपाळी ही मराठी-हिंदीच्याच कुळातली, संस्कृतशी नातं सांगणारी भाषा. केचुआचं कुळ पूर्णपणे वेगळं, अँडीज पर्वतात वाढलेलं. डोंगरातलं जगणं माणसाला अशी भाषा शिकवतं, हा विचार आकर्षक आहे, पण तो टिकत नाही. तुर्की भाषेत ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे. अ‍ॅमेझॉनच्या सखल जंगलातल्या तुयुका भाषेत तर 'कसं कळलं' हे सांगण्याचे पाच प्रकार आहेत. तिथे कुठला हिमालय?

साम्यातही फरक आहे. नेपाळी 'रे' वाक्याच्या शेवटी येतो. केचुआतला 'सी' मात्र ज्या शब्दावर भर द्यायचा त्यालाच जाऊन चिकटतो, मग तो शब्द नाम असो की क्रियापद.

या 'सी'ची सगळ्यात विलक्षण साक्ष माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

(दृश्य: जुन्या हस्तलिखिताची पानं)

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिमाजवळच्या वारोचिरी भागातल्या देवदेवतांच्या कथा केचुआत लिहिल्या गेल्या. या कामामागे फ्रान्सिस्को दे आविला नावाचा धर्मगुरू होता, आणि त्याला या श्रद्धा उखडून टाकायच्या होत्या. पण लिहिणारा स्थानिक होता. प्राचीन काळच्या कथा सांगताना तो पुन्हा पुन्हा 'सी' वापरतो: असं सांगतात, असं सांगतात. श्रद्धा मोडायला गोळा केलेल्या त्या कागदांमुळेच त्या कथा आज आपल्याला वाचता येतात. मला या हस्तलिखिताबद्दल फार आदर वाटतो.

आता एक अशी जागा, जिथे मराठी माणसाला केचुआ नेपाळीपेक्षा जवळची वाटेल. 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांतला फरक मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. कुस्कोच्या केचुआतही असे दोन शब्द आहेत: ऐकणाऱ्याला सामावून घेणारा 'न्योकान्चिस' आणि त्याला बाहेर ठेवणारा 'न्योकायकू'. नेपाळीत दोन्हींसाठी एकच 'हामी'. पण नेपाळच्याच पूर्व डोंगरातल्या लिंबू भाषेत हा भेद आहे.

उलट, मान देण्यात नेपाळी फार बारकाईची. तँ, तिमी, तपाईं, हजुर अशा पायऱ्या आहेत, आणि त्या बदलल्या की क्रियापदही बदलतं. केचुआत 'तू' आणि 'तुम्ही' असा आदराचा भेद सर्वनामात नाही. आकड्यांची सोय मात्र केचुआची मला हेवा वाटावा अशी आहे. 'चुंका' म्हणजे दहा, 'इस्काय' म्हणजे दोन, आणि 'इस्काय चुंका' म्हणजे वीस. आपल्याला एकोणचाळीस आणि नेपाळी मुलांना उनन्चालीस पाठ करावं लागतं. केचुआ बोलणारं मूल तीन, दहा आणि नऊ एकापुढे एक ठेवतं, की झाले एकोणचाळीस.

(दृश्य: गोरखा दरबार, मग कुस्कोचा मुख्य चौक)

या दोन भाषांना खरं दूर नेलं ते सत्तेने, आणि तेही जवळपास एकाच सुमारास. १७६८-६९ मध्ये गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाह यांनी काठमांडू खोरं जिंकलं. कर्णालीच्या डोंगरातून पसरत आलेली खस बोली, म्हणजेच आजची नेपाळी, आता दरबाराची भाषा झाली. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, १७८१ मध्ये, स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या तुपाक आमारू यांना कुस्कोच्या चौकात ठार मारण्यात आलं, आणि इंकांच्या राज्याची भाषा असलेल्या केचुआवर बंदीचे हुकूम निघाले.

सिंहासनावर बसलेल्या भाषेनेही पुढे इतरांवर अन्याय केला. १९६५ मध्ये रेडिओ नेपाळवरून नेवारी बातम्या बंद झाल्या. काठमांडू खोऱ्याची मूळ भाषा खोऱ्यातल्याच रेडिओवर ऐकू येईना. सीमेपलीकडे भारतात मात्र त्याच नेपाळीला मान्यतेसाठी झगडावं लागलं. १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्याच घटनादुरुस्तीने गोव्याच्या कोकणीला आणि मणिपुरीलाही तिथे जागा दिली.

(दृश्य: लिमा, सान मार्कोस विद्यापीठ)

केचुआला पेरूमध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला १९७५ मध्ये. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. आणि लिमाचं सान मार्कोस विद्यापीठ, जे १५५१ मध्ये स्थापन झालं, जिथे सोळाव्या शतकात केचुआ शिकवली जात होती आणि बंडानंतर ते शिकवणं बंद पडलं, तिथे २०१९ मध्ये रोक्साना किस्पे कोयांतेस यांनी केचुआ कवितेवर डॉक्टरेट मिळवली. प्रबंध त्यांनी लिहिलाही केचुआत, आणि परीक्षकांसमोर मांडलाही केचुआतच.